फासे बदलले की शहर बदलते

आपल्या मंडळातल्या कुणाच्याही घरी शनिवारी रात्री जेवायला जा. वर दिवाणखान्यात मोठ्यांच्या गप्पा रंगलेल्या असतात आणि खाली बेसमेंटमध्ये पाच-सहा मुले एका टेबलाभोवती बसलेली असतात. हातात कागद-पेन्सिल, मध्ये चिप्सचा वाडगा आणि चार, आठ, बारा, वीस अशा निरनिराळ्या बाजूंचे रंगीत फासे. डोकावून "काय चाललंय रे?" असे विचारावे, तर उत्तर येते, "काही नाही काका, एका कंपनीच्या इमारतीत चोरी करतोय." मुले टीव्हीपुढे नाहीत एवढ्यावर समाधान मानून आपण जिना चढून वर येतो.

या खेळाला ‘रोलप्लेइंग गेम’ म्हणतात. त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. त्याची ‘सायबरपंक’ नावाची एक शाखा आहे, आणि तिच्या इतिहासात तर अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिससुद्धा येऊन जाते. मुलांशी बोलायला विषय मिळावा एवढ्यासाठी तरी हा इतिहास माहीत असायला हरकत नाही.

सुरुवात झाली १९७४ साली, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ एका लहान डब्यातून विकायला काढला. पहिली छपाई होती फक्त १००० प्रतींची. दोघेही लढायांचे खेळ खेळणारे. टेबलावर शिशाचे सैनिक मांडायचे आणि जुन्या लढाया पुन्हा लढायच्या, हा त्यांचा छंद. त्यांनी बदल एवढाच केला, की एका खेळाडूकडे सैन्याऐवजी एकच माणूस दिला. त्या माणसाचे नाव, बळ, बुद्धी कागदावर लिहायची आणि त्याच्या वतीने बोलायचे. एक जण सूत्रधार होतो. तो जगाचे वर्णन करतो, बाकीचे आपण काय करतो ते सांगतात, आणि जिथे यश मिळेल की नाही याची शंका असेल तिथे फासे टाकतात. पट नाही, हारजीत नाही. गोष्ट पुढे जात राहते.

म्हणजे या खेळात दोन गोष्टी आल्या. एक ते जग: त्यातले देश, माणसे, भुतेखेते. आणि दुसरे नियम: कोणता फासा, किती आला म्हणजे जमले, तलवार लागली तर काय होते. पहिल्या खेळात दोन्ही एकाच डब्यातून आले, पण ती सुटी करता येतात हे लोकांच्या लवकरच लक्षात आले. केऑसियम या कंपनीने १९७८च्या ‘रूनक्वेस्ट’ खेळातले नियम १९८०मध्ये वेगळे काढून एका पातळ पुस्तिकेत छापले आणि १९८१मध्ये त्याच नियमांवर ‘कॉल ऑफ थुलू’ हा भयकथांचा खेळ उभा केला. १९८६मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या स्टीव्ह जॅक्सन यांनी त्याच्याही पुढे जाऊन ‘गर्प्स’ काढला. सर्वसाधारण आणि सार्वत्रिक खेळपद्धती, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. दावा असा, की नियम एकदा शिका आणि मग रोमन साम्राज्य, अंतराळ, काऊबॉय, हवे ते जग त्यात घाला.

हा दावा कितपत खरा? माझे मत असे, की एका नियमसंचातून दुसऱ्यात जाताना जगातली नावे, नकाशे आणि बंदुका सहज जातात. त्या जगात कशासाठी काय मोजावे लागते, तो हिशेब मात्र प्रत्येक वेळी नव्याने मांडावा लागतो. आणि हे पाहायला सायबरपंकइतके चांगले उदाहरण नाही, कारण त्या गोष्टींचा विषयच किंमत हा आहे.

‘सायबरपंक’ हा शब्द ब्रूस बेथकी यांच्या १९८३ साली छापून आलेल्या एका कथेचे नाव. १९८४मध्ये विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही कादंबरी आली आणि तो शब्द एका संपूर्ण साहित्यप्रकाराला चिकटला. ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट १९८२चा. त्यातले पावसात भिजलेले, निऑन दिव्यांचे शहर या प्रकाराचा चेहरा बनले. या गोष्टींतले जग असे: कंपन्या सरकारांहून मोठ्या झाल्या आहेत, तंत्रज्ञान रस्त्यावर मिळते आहे, पण गरीब गरीबच आहे. हात तुटला तर पोलादी हात बसवता येतो, डोळ्यांत कॅमेरा घालता येतो, मेंदूला वायर जोडून संगणकांच्या जाळ्यात शिरता येते. पैसे हवेत. आणि असे किती अवयव बदलले म्हणजे आत राहिलेला तो पहिलाच माणूस असतो, हा प्रश्न सगळ्या गोष्टींच्या तळाशी आहे.

माइक पाँडस्मिथ यांनी हा प्रश्न आकड्यांत बसवला. त्यांच्या आर. टालसोरियन गेम्स या कॅलिफोर्नियातल्या छोट्या कंपनीने १९८८मध्ये ‘सायबरपंक’ हा खेळ काढला. गोष्ट घडते २०१३ साली, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या दरम्यानच्या किनाऱ्यावरच्या ‘नाइट सिटी’ या काल्पनिक शहरात. १९९०मध्ये आलेली दुसरी आवृत्ती ‘सायबरपंक २०२०’ सर्वांत गाजली.

तिच्या नियमांचे नाव ‘इंटरलॉक’. पात्राचा अंगभूत गुण, अधिक शिकलेले कौशल्य, अधिक दहा बाजूंच्या एका फाशाचे दान. बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की काम जमले. साध्या कामाला १०, मध्यमाला १५, अवघडाला २०. हे झाले गणित. पण खरी गंमत सहानुभूतीच्या आकड्यात आहे. प्रत्येक पात्राला ‘एम्पथी’ म्हणजे दुसऱ्याचे सुखदुःख जाणण्याची शक्ती दिलेली असते. तिच्या दहापट त्याची ‘माणुसकी’. प्रत्येक यांत्रिक अवयवापायी त्यातले काही गुण जातात. दहा गुण गेले की सहानुभूती एकाने कमी. शून्यावर आले की त्या पात्राचा कागद खेळाडूच्या हातातून काढून सूत्रधाराच्या ताब्यात जातो. तो माणूस आता वेडा, कुणाचाही जीव घेणारा. पैसे देऊन हात विकत घेता येतो, पण बिल दोनदा येते.

लढाईचे नियमही तसेच कडक. एका गोळीने हात जाऊ शकतो, दुसरीने जीव. कितीही जुने, अनुभवी पात्र असो, समोरच्या पोराच्या हातातल्या स्वस्त पिस्तुलाला ते भिऊन असते. त्यामुळे खेळाडू मारामारी टाळतात, आडोसा शोधतात, पळून जातात. ‘भिऊन राहा’ असे पुस्तकात लिहून ठेवावे लागत नाही, फासेच ते शिकवतात.

पुढच्याच वर्षी, १९८९मध्ये, शिकागोच्या एका कंपनीने ‘शॅडोरन’ काढला. कंपनीचे नाव फासा! मराठी कानाला हे मुद्दाम ठेवल्यासारखे वाटेल, पण ती ‘नासा’च्या धर्तीवर विनोदाने रचलेली इंग्रजी आद्याक्षरे आहेत. शॅडोरनचे जग २०५० सालचे, मुख्य शहर सिएटल, आणि सायबरपंकमध्ये त्यांनी चक्क जादू मिसळली. तिथे ड्रॅगन कंपनी चालवतो आणि रस्त्यावरच्या टोळीत मांत्रिक असतो. शुद्ध सायबरपंकवाल्यांनी नाके मुरडली, पण खेळ तुफान चालला.

इथेही शरीराचा हिशेब आहे, मात्र तो वेगळा. प्रत्येकाकडे ‘एसेन्स’चे ६ गुण, सत्त्व म्हणा हवे तर. प्रत्येक यांत्रिक अवयव त्यातला थोडा भाग खातो. साध्या लढवय्याला त्याचा फारसा त्रास नाही. तो शून्याच्या अगदी जवळ जाऊनही झकास जगतो. मांत्रिकाची जादू मात्र सत्त्वाबरोबर कमी होते. म्हणजे पाँडस्मिथच्या शहरात यंत्र बसवल्याने माणूसपण जाते, सिएटलमध्ये जादू जाते. एक नैतिक प्रश्न, दुसरी बरीचशी व्यवहारातली निवड. दोन्ही पुस्तकांतली चित्रे शेजारी ठेवली तर पोलादी हात सारखेच दिसतात.

शॅडोरनच्या फाशांचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. खेळात फक्त नेहमीचे सहा बाजूंचे फासे, पण मूठभर. काम जितके अवघड तितका गाठायचा आकडा मोठा. सहाच्या वर कसे जायचे? तर ६ पडले की तोच फासा पुन्हा टाकायचा आणि बेरीज करायची. आता जरा विचार करा. गाठायचा आकडा ६ असेल तर ६ पडायला हवेत. आकडा ७ असेल तरी ६ पडायला हवेत, कारण पुढच्या दानात निदान १ तर पडणारच! म्हणजे ६ आणि ७ या दोन अवघडपणांत काहीच फरक नाही. तीन आवृत्त्या, सोळा वर्षे, हे असेच चालले. २००५च्या चौथ्या आवृत्तीत पद्धत बदलली: ५ किंवा ६ पडलेला प्रत्येक फासा म्हणजे एक यश, आणि अवघड कामाला हातातले फासे कमी करायचे. गणित सुधारले, जुने खेळाडू मात्र हळहळले. सहावर सहा पडत जाऊन भलताच आकडा गाठण्याचा तो थरार गेला, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते.

आता गर्प्सकडे येऊ. सगळ्या जगांसाठी एकच नियम म्हटल्यावर सायबरपंकचे पुस्तक निघणे क्रमप्राप्त होते. ते लिहायचे काम लॉइड ब्लँकनशिप या स्टीव्ह जॅक्सन गेम्समधल्या कर्मचाऱ्याकडे होते. हे गृहस्थ हॅकरांच्या जगात ‘द मेंटॉर’ या टोपणनावाने प्रसिद्ध होते. हॅकिंगविषयी लिहायला जाणकार माणूस मिळाला याचा कंपनीला आनंदच झाला असणार.

१ मार्च १९९० रोजी सकाळी सीक्रेट सर्व्हिसचे अधिकारी ऑस्टिनमधल्या कंपनीच्या कार्यालयात शिरले आणि संगणक, फ्लॉपी, कागदपत्रे घेऊन गेले. ब्लँकनशिप यांच्या घरीही त्याच दिवशी झडती झाली. त्या काळी देशभर हॅकरांविरुद्ध मोहीम चालू होती आणि एका टेलिफोन कंपनीचा ९११ सेवेविषयीचा दस्तऐवज चोरीला गेल्याचे प्रकरण गाजत होते. झडतीचे कारण ते होते, खेळ नव्हता. पण जप्त झालेल्या संगणकांत ‘गर्प्स सायबरपंक’चे हस्तलिखित होते. स्टीव्ह जॅक्सन दुसऱ्या दिवशी ते परत मागायला गेले. तेव्हा हे पुस्तक म्हणजे संगणकावरच्या गुन्ह्यांची मार्गदर्शिकाच आहे असे आपल्याला सांगण्यात आले, असे त्यांनी नंतर सांगितले. मेंदूत वायर खुपसून काल्पनिक बँक फोडण्याचे फाशांचे नियम! हसू येते, पण कंपनीला हसण्याची सोय नव्हती. हातातले पुस्तक गेलेले, पैसे अडकलेले. जवळजवळ निम्मे कर्मचारी कमी करावे लागले. जुने खर्डे आणि चाचणीसाठी बाहेर दिलेल्या प्रती जमवून पुस्तक पुन्हा उभे केले गेले आणि त्याच वर्षी छापून आले. सीक्रेट सर्व्हिसने जप्त केलेले पुस्तक, अशी जाहिरात मुखपृष्ठावरच होती. धंद्याची नजर म्हणतात ती अशी.

कंपनीने सरकारवर दावा लावला. १९९३मध्ये न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी निकाल कंपनीच्या बाजूने दिला. प्रकाशनाच्या तयारीतले साहित्य आणि कंपनीच्या संगणकावरची ग्राहकांची न वाचलेली खासगी पत्रे सरकारने ज्या पद्धतीने घेतली ती कायद्याला धरून नव्हती, असे ठरले. सुमारे ५० हजार डॉलर भरपाई आणि त्याच्या कितीतरी पट वकिलांचा खर्च मंजूर झाला. कंपनीतल्या कुणावरही कधी आरोपपत्र ठेवले गेले नाही. ज्या दस्तऐवजावरून हे सगळे रामायण घडले त्याची किंमत आधी जवळजवळ ८० हजार डॉलर सांगण्यात आली होती. त्यातली माहिती टेलिफोन कंपनीच १३ डॉलरला विकत होती हे १९९०मध्येच दुसऱ्या एका खटल्यात उघड झाले. संगणकावरच्या नागरी हक्कांसाठी लढणारी ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ ही संस्था त्याच वर्षी स्थापन झाली आणि तिने हा खटला पाठीशी घेतला. आज आपल्या ई-मेलला कायद्याचे जे काही कवच आहे, त्याच्या कहाणीत एक फाशांचा खेळ असा जाऊन बसला आहे.

या धामधुमीत पुस्तकाकडे खेळ म्हणून पाहायचे राहून जाते. गर्प्समध्ये सहा बाजूंचे तीन फासे टाकतात आणि बेरीज आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर जमले. तीन फाशांच्या २१६ शक्यता. कौशल्य १० असेल तर यशाची शक्यता बरोबर निम्मी. १४ केले की ती शंभरात नव्वदपर्यंत जाते. आणि पुढे १६ केले तरी जेमतेम अठ्ठ्याण्णव. इंटरलॉकमध्ये मात्र एकच फासा, त्यामुळे प्रत्येक वाढीव गुणामागे शंभरात दहाची सरळ वाढ. तेव्हा नाइट सिटीतल्या नेमबाजाचा आकडा गर्प्समध्ये नुसता गुणाकार-भागाकार करून आणता येत नाही. तिकडे तज्ज्ञालाही धाकधूक असते, इकडे तज्ज्ञ सहसा चुकत नाही. नाव तेच राहते, पण हात थरथरणारा माणूस जातो आणि त्याच्या जागी सराईत येतो.

दुसरा घोळ पैशांचा. गर्प्समध्ये पात्र बनवताना ठराविक गुण मिळतात आणि त्यातून बुद्धी, बळ, विशेष क्षमता ‘विकत’ घ्यायच्या असतात. सगळी पात्रे तोलामोलाची राहावीत म्हणून. मग पोलादी हात ही क्षमता की वस्तू? क्षमता धरली तर गुण मोजावे लागणार. पण सायबरपंकचा सारा मुद्दा हा, की ती बाजारात मिळणारी वस्तू आहे, ज्याच्याकडे पैसा त्याची ताकद. तराजू समान ठेवावा तर जग खोटे पडते, आणि जग खरे ठेवावे तर तराजू झुकतो. गर्प्सवाले आजही यावर तावातावाने वाद घालतात. १९९३मध्ये ‘गर्प्स सायबरवर्ल्ड’ हे नवे जग आले ते पॉल ह्यूम यांनी लिहिलेले, म्हणजे शॅडोरनच्या मूळ रचनाकारांपैकीच एक. माणसेही एका नियमातून दुसऱ्यात जातात!

२०००मध्ये वेगळीच लाट आली. डंजन्स अँड ड्रॅगन्स आता विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे होता. तिने नव्या आवृत्तीचे मूळ नियम एका खुल्या परवान्याखाली सर्वांना वापरायला दिले. वीस बाजूंचा फासा म्हणून नाव ‘डी-२०’. मग काय, बाजारात त्या नियमांवर काहीही बसवायची झुंबड उडाली. २००५मध्ये खुद्द विझार्ड्सचेच ‘डी-२० सायबरस्केप’ आले. अडचण अशी, की डी-२०मध्ये पात्र अनुभवाने वरच्या पायरीवर चढते आणि प्रत्येक पायरीला त्याचे ‘हिट पॉइंट्स’, म्हणजे मार सोसण्याची ताकद, वाढते. ड्रॅगनशी लढणाऱ्या वीराला ते शोभते. पण दहाव्या पायरीवरचा डिटेक्टिव्ह पाच-सहा गोळ्या खाऊन कोट झटकून चालू लागला तर नाइट सिटीतली भीतीच संपते. रचनाकारांना हे कळत नव्हते असे नाही. आधुनिक काळासाठीच्या ‘डी-२० मॉडर्न’मध्ये त्यांनी एक पाचर मारून ठेवली होती: एकाच फटक्यात पात्राच्या प्रकृतीच्या आकड्याइतकी इजा झाली, तर तग धरण्याचे दान टाकायचे, ते फसले की जमिनीवर. ठिगळ चांगले होते, पण ठिगळच.

एक अडचण मात्र सर्व नियमांना छळत आली, ती हॅकरची. गोष्टीत हॅकर एकटा संगणकाच्या जाळ्यात शिरतो. टेबलावर याचा अर्थ असा, की सूत्रधार आणि तो एक खेळाडू पाऊण तास आपसांत फासे टाकत बसतात आणि बाकीचे चौघे पिझ्झा मागवतात. शॅडोरनच्या चौथ्या आवृत्तीने जाळे बिनतारी केले, म्हणजे हॅकर टोळीबरोबर चालत-चालत कुलपे उघडू शकतो. पाँडस्मिथ यांनी २०२०च्या ‘सायबरपंक रेड’मध्ये गोष्टच बदलली. जुने जागतिक जाळे कोसळले आहे, उरली आहेत प्रत्येक इमारतीतली सुटी जाळी, आणि त्यात शिरायला प्रत्यक्ष तिथे जावे लागते. ते जाळे मजल्यांच्या इमारतीसारखे, एकेक मजला उतरायचा, तेही बाकीच्यांच्या लढाईतल्या पाळीबरोबरच. पिझ्झा थंड होऊ नये म्हणून एका काल्पनिक जगाचा इतिहास बदलला गेला. हे मी चेष्टेने म्हणत नाही. जग आधी आणि नियम मागून, असाच क्रम असतो असे आपण धरून चालतो, पण इथे नियमाच्या सोयीने जग वाकले.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. २०२०च्या डिसेंबरमध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने ‘सायबरपंक २०७७’ हा व्हिडिओ गेम काढला. त्यात खेळणाऱ्याच्या पात्राला माणुसकीचा हिशेब नाही. पैसा आणि अनुभव असला की हवे ते अवयव बसवा, वेड फक्त इतरांना लागते. मग २०२२मध्ये त्याच जगावर ‘एजरनर्स’ ही जपानी कार्टून मालिका आली आणि तिची सगळी गोष्ट एका पोरसवदा मुलाची, एकेक अवयव बदलत माणूसपण गमावत जाणाऱ्याची. ज्या किमतीला खेळात जागा उरली नव्हती, ती मालिकेने व्याजासह वसूल केली. २०२३मध्ये व्हिडिओ गेममध्ये सुधारणा झाली, तेव्हा शरीर किती यंत्रे पेलू शकते याची एक मर्यादा घालण्यात आली. ती मर्यादा जागेची, मनाची नव्हे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आणखी एक पद्धत रुजली. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१०च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’पासून ती सुरू झाली आणि हेमिश कॅमेरन यांच्या २०१६च्या ‘द स्प्रॉल’ने ती सायबरपंकला लावली. सहा बाजूंचे दोन फासे: १० किंवा वर आले तर काम फत्ते, ६ किंवा खाली तर संकट, आणि मधले ७ ते ९ म्हणजे काम होते पण काहीतरी गमवावे लागते. बाकी काही मिळवायचे नसेल तर छत्तीस शक्यतांपैकी पंधरा या मधल्या घरात पडतात. बंदुकांची वीस पानी यादी नाही, गोळ्यांचा हिशेब नाही. मात्र कंपनीला तुमचा किती संशय आला आहे हे दाखवणारे घड्याळ कागदावर काढलेले असते आणि ते पुढे सरकत राहते. जुन्या पद्धतीवाले म्हणतात, हा कसला सायबरपंक, यात पिस्तुलाचे मॉडेलसुद्धा नाही! पण काहीतरी दिल्याशिवाय काही मिळत नाही, हा हिशेब दोन फाशांत इतका नेमका बसलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

कायद्याचे दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्याशिवाय हे सगळे घडलेच नसते. अमेरिकेत खेळाच्या पद्धतीवर कॉपीराइट मिळत नाही. पुस्तकातल्या लेखनावर आणि चित्रांवर मिळतो. त्यामुळे पद्धत उचलायला वाव असतो, पण नाइट सिटी हे शहर उचलता येत नाही. काहींनी स्वतःहून दार उघडे ठेवले. शॅडोरनचे काम पूर्वी पाहिलेले रॉब बॉइल आणि मंडळींनी २००९मध्ये ‘एक्लिप्स फेज’ काढला तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली. २०१६मध्ये त्यांनी स्वतःच ते जग ‘फेट’ या निराळ्या नियमांवर बसवून दिले. उलट २०२३च्या जानेवारीत विझार्ड्स जुना खुला परवाना बदलू पाहते आहे अशी बातमी फुटली तेव्हा असा गदारोळ झाला, की महिना संपायच्या आत कंपनीने आपले मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली देऊन टाकले.

माझा भाचा शिकागोजवळ राहतो आणि त्याच्या मित्रांच्या गटाचा तो सूत्रधार आहे. त्यांचे जग शॅडोरनचे, सिएटलच. नियम मात्र त्यांनी तीनदा बदलले, कारण मूळ पुस्तक जाडजूड आणि नोकरी लागल्यापासून वेळ कमी. सध्या ते ‘सॅव्हेज वर्ल्ड्स’ या २००३च्या झटपट पद्धतीवर खेळतात. ‘मामा, आकडे उतरवून घ्यायचेच नाहीत,’ असे त्याने मला सांगितले. तो आधी एका वहीत चार-पाच प्रश्न लिहितो: गोळीला कोण भितो? हात बसवला तर काय जाते? जादू केली तर दमतो कोण? मग नव्या नियमांत त्यांची उत्तरे शोधतो आणि नसतील तिथे स्वतः एक नियम करतो. पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली तेव्हा लंडनच्या फूलवालीची बोली मराठीत जशीच्या तशी आणणे शक्यच नव्हते. त्या बोलीपायी तिला काय सोसावे लागते ते आणायचे होते. मी हे सांगितल्यावर तो म्हणाला, नाटक कुठे बघायला मिळेल?

सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये नायक तीन जखमांपर्यंत तग धरतो आणि किरकोळ गुंड एकाच फटक्यात पडतो. भाच्याच्या गटाला हे फारच सोपे वाटले. तेव्हा त्यांनी घरचा नियम केला, की सत्त्वाचे ६ गुण परत आणायचे, आणि अर्धे संपले की नायकाच्या तीन जखमांतली एक कमी करायची. गेल्या थँक्सगिव्हिंगला मी तिथे होतो, त्या रात्री त्यांच्यातल्या एका मुलीने पात्राला नवे डोळे बसवावेत की नाही यावर चाळीस मिनिटे घालवली. शेवटी तिने बसवले नाहीत, चष्म्यावरच भागवले.